प्रश्नोत्तरांचा अर्धा तास

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीनं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण मुद्दा शेवटी आहे.

उन्हाळा लागला की पुण्यात आणि आसपासच्या तालुक्यांच्या गावांत व्याख्यानमालांचे फलक लागतात. गेल्या काही वर्षांत या फलकांवरचे विषय बदललेत, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. शिवचरित्र तर असतंच, पण त्याच्या जोडीला मंदिरस्थापत्य, भारतीय ज्ञानपरंपरा, कुटुंबव्यवस्था, संस्कार, गडकोट, मोडी कागदपत्रं असे विषय येतात. सभागृहं भरतात. तरुण पोरं-पोरी येतात, वहीत टिपणं काढतात. मला याचा मनापासून आनंद आहे. मी स्वतः परंपरेच्या बाजूनं विचार करणारा माणूस आहे. जे दहा पिढ्यांनी जपलं ते एका पिढीनं मोडायच्या आधी दहा वेळा विचार करावा, असं मानणारा.

म्हणूनच एक गोष्ट खटकते. बऱ्याच निमंत्रणपत्रिकांवर आता तळाला बारीक अक्षरात एक ओळ असते : ‘प्रश्नोत्तरे होणार नाहीत.’ काही ठिकाणी ओळ नसते, पण व्याख्यान संपलं की लगेच आभार, मग वंदे मातरम्, मग सतरंज्या गोळा.

आयोजकांना विचारलं की कारणं मिळतात. वेळ नसतो. कुणीतरी माईक हातात घेऊन स्वतःचंच भाषण सुरू करतो. कुणी मुद्दाम खोडसाळ प्रश्न विचारतो, त्याचा तीस सेकंदांचा तुकडा कापून फिरवतो आणि वक्ता अडचणीत येतो. ही कारणं खोटी नाहीत. सभागृह मिळवणं, वक्त्याच्या प्रवासाची सोय करणं, वर्गणी गोळा करणं या सगळ्यात जीव किती निघतो ते मला ठाऊक आहे. तरीही माझं म्हणणं असं आहे की हा अर्धा तास कापून आपण व्याख्यानमालेचा जीवच कापतोय. आणि यात सगळ्यात मोठं नुकसान कुणाचं होत असेल तर ते परंपरेच्या बाजूनं बोलणाऱ्यांचं.

हे नुसतं मत म्हणून सांगत नाही. आपल्याच शहराचा इतिहास बघू.

आपल्याकडे लोकांना जमवून ज्ञान सांगायच्या पद्धती जुन्या आहेत. कीर्तन होतं, पुराण होतं, प्रवचन होतं. तिथं बुवा सांगणार आणि आपण माना डोलावणार. त्यात वाईट काही नाही, त्याचा हेतू वेगळा. पण त्याच परंपरेत दुसरी एक पद्धत होती, तिचं नाव शास्त्रार्थ. तिथं आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, तेही त्याला मान्य होईल अशा शब्दांत. मग उत्तरपक्ष. आद्य शंकराचार्यांची भाष्यं उघडून बघा, पानोपानी पूर्वपक्ष आहे. समोरच्याचं म्हणणं नीट मांडता येत नसेल तर खंडन करायचा अधिकार नाही, असा तो शिरस्ता. तेव्हा ‘प्रश्न विचारणं ही पाश्चात्त्यांची सवय, आपली श्रद्धेची’ असं जे अधूनमधून ऐकू येतं, त्यात तथ्य नाही. ज्यांना परंपरा जपायची आहे त्यांनी आधी ही परंपरा जपावी.

आता १८५७ सालात जाऊ, पण बंडाच्या धामधुमीत नव्हे. मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर. विष्णुबुवा ब्रह्मचारी हे नाव आज फारसं कुणी घेत नाही. मूळचे गोखले, कोकणातले, जन्म १८२५ चा. शाळा बेताचीच, काही दिवस सरकारी नोकरी, मग सप्तशृंगीच्या डोंगरावर तपश्चर्या, आणि मग गावोगाव वेदोक्त धर्माचा प्रचार. मुंबईत त्या वेळी ख्रिस्ती मिशनऱ्यांचा जोर होता. शिकलेली हिंदू मुलं धर्मांतर करत होती आणि घराघरांत धास्ती होती. विष्णुबुवांनी काय केलं? मिशनऱ्यांची सभा उधळली नाही. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत समुद्रकिनारी उघड्यावर सभा भरवल्या आणि मिशनऱ्यांना म्हणाले, या, विचारा काय विचारायचं ते. आणि ते आले. जॉर्ज बोवेन नावाचे अमेरिकन मिशनरी त्यात प्रमुख होते. त्यांनी या वादाची हकिकत इंग्रजीत छापलीसुद्धा. म्हणजे बुवांच्या सभेची नोंद विरोधकानं करून ठेवली. सभा किती उघडी होती याचा याहून चांगला पुरावा काय हवा?

पुढे काय झालं ते आणखी मजेदार आहे. असे सतत प्रश्न झेलणाऱ्या माणसाचा विचार एका जागी थिजून राहत नाही. वेदांचा कैवार घेणाऱ्या याच बुवांनी १८६७ मध्ये ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’ लिहिला. जमीन सगळ्यांची समाईक, धान्याची कोठारं समाईक, असं राज्य असावं, असं त्यात मांडलंय. त्याच वर्षी तिकडे जर्मनीत मार्क्सच्या ‘कॅपिटल’चा पहिला खंड निघाला. दोघांना एकमेकांची गंधवार्ता नव्हती. ‘सनातनी’ म्हणून एका फडताळात ठेवून द्यावा, असा हा माणूसच नव्हता.

आता पुण्यात येऊ. १८७० मध्ये इथं विधवाविवाहावर शास्त्रार्थ झाला, शंकराचार्यांच्या अधिकाराखाली. विधवाविवाहाला शास्त्राचा आधार आहे असं सांगणारे विष्णुशास्त्री पंडित आणि मंडळी एका बाजूला, सनातनी शास्त्री दुसऱ्या बाजूला. दिवसच्या दिवस वाद चालला आणि निकाल सुधारकांच्या विरोधात गेला. आज आपल्याला तो निकाल चुकीचा वाटतो आणि तो चुकीचा होताच. पण एक लक्षात घ्या. सनातनी बाजूनंसुद्धा तेव्हा ‘आम्ही बोलणारच नाही’ असं म्हटलं नाही. वादाला बसले, वचनं काढली, उत्तरं दिली. त्यामुळे ती वचनं आणि ते युक्तिवाद सगळ्या गावासमोर आले. सुधारक त्या दिवशी हरले, पण पुढच्या वीस-तीस वर्षांत लोकांनी कोणता युक्तिवाद किती पोकळ होता ते हळूहळू पारखलं.

१८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले. सार्वजनिक काकांनी म्हणजे गणेश वासुदेव जोशींनी १८७० मध्ये सार्वजनिक सभा काढली होतीच, रानडे तिच्या पाठीशी उभे राहिले. आणि १८७५ च्या मे महिन्यात त्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्यामागच्या संस्थेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. नावातच हेतू आला : लोकांनी बोलायला शिकावं. चार विद्वानांनी बोलावं आणि बाकीच्यांनी ऐकावं एवढ्यावर भागणार नाही, हे त्यांना दिसत होतं. राजकीय हक्क मागायचे तर आधी चार माणसांत उभं राहून नीट मुद्दा मांडता यायला हवा. आज टिळक स्मारक मंदिरात आपण जी वसंत व्याख्यानमाला ऐकतो ती हीच. २०२५ मध्ये तिला दीडशे वर्षं झाली. दीडशे वर्षं चालणाऱ्या गोष्टी आपल्या गावात किती आहेत, मोजून बघा.

त्याच १८७५ च्या उन्हाळ्यानंतर पुण्यात दुसरी एक मोठी व्याख्यानमाला झाली, स्वामी दयानंद सरस्वतींची. रानडे आणि इतर मंडळींनी त्यांना बोलावलं होतं. पंधरा व्याख्यानं झाली, पुढे ती छापलीही गेली. गंमत बघा : दयानंद म्हणत होते वेदांकडे परत चला. यापेक्षा जुन्याकडे काय जायचं राहिलं? तरी पुण्यातले सनातनी त्यांच्यावर चिडले, कारण ते मूर्तिपूजा आणि जन्मजात जातिभेद नाकारत होते. निरोपाची मिरवणूक निघाली तेव्हा विरोधकांनी ‘गर्दभानंदा’ची मिरवणूक काढली, म्हणजे गाढवाची. दगड, चिखल, शिव्या सगळं झालं. चिखल खुद्द रानड्यांच्या अंगावर उडाला. मिरवणुकीच्या रक्षणाला कोण आलं? जोतीराव फुले, आपले सत्यशोधक सोबत घेऊन. फुल्यांना दयानंदांचे वेद मान्य नव्हते, रानड्यांचा मवाळपणाही त्यांना पटत नव्हता. पण माणसाला बोलू दिलं पाहिजे, एवढं त्यांना पटत होतं.

मला हा प्रसंग महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. त्या दिवशी गाढव काढणाऱ्यांची नावं आज कुणालाही आठवत नाहीत. त्यांनी दयानंदांच्या एकाही मुद्द्याला उत्तर दिलं नाही. मूर्तिपूजेच्या बाजूनं सांगण्यासारखं पुष्कळ होतं आणि आहे. आपल्या संतांनी केवढं सांगून ठेवलंय. पण गाढवावर बसवून ते कसं सांगणार?

परंपरेच्या बाजूचा सगळ्यात तिखट लेखक त्याच सुमारास उभा राहिला होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर, ‘निबंधमाला’, १८७४ पासून पुढची सात-आठ वर्षं. इंग्रजांनी आणि सुधारकांनी आपल्या देशाची जी निंदा चालवली आहे ती किती उथळ आहे, हे दाखवायचा त्यांनी विडा उचलला. पण नुसतं लिहून थांबले नाहीत. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक यांच्यासोबत १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ काढला. जुन्या बखरी, पत्रं, कविता शोधून छापायचं काम. म्हणजे ‘आपला इतिहास थोर आहे’ असं म्हणायचं असेल तर आधी त्याचे कागद बाहेर काढा, हा धडा त्यांनी घालून दिला. त्यांचं उणंही सांगितलं पाहिजे. फुल्यांच्या लिखाणावर त्यांनी जे लिहिलं त्यात उत्तर कमी आणि टवाळी जास्त होती. भाषेच्या चुका काढल्या, मुद्दा बाजूला राहिला. शंभर-सव्वाशे वर्षांनी हिशेब बघितला तर काव्येतिहाससंग्रहातले कागद आजही अभ्यासक उघडतात. टवाळीचा मात्र परंपरेला काडीचाही उपयोग झाला नाही. झाला तो तोटाच.

१८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा आला. मुलीचं संमतिवय दहावरून बारावर न्यायचं होतं. पुण्यात रान पेटलं. या वादातले दोन प्रकार वेगळे काढून बघण्यासारखे आहेत.

पहिला प्रकार डॉ. भांडारकर आणि टिळकांचा. भांडारकरांनी धर्मशास्त्राची वचनं काढून दाखवलं की ऋतुप्राप्तीनंतरच्या विवाहाला शास्त्राची आडकाठी नाही. टिळकांनी वचनाला वचन काढून उत्तर दिलं. दोघेही संस्कृतात मुरलेले. टिळकांचं म्हणणं असं की परक्या सरकारनं आमच्या घरात कायद्यानं शिरू नये. सुधारणा हवी तर आम्हीच करू. आणि ते नुसतं ‘नको’ म्हणत बसले नाहीत. मुलीचं लग्न सोळाच्या आत आणि मुलाचं विसाच्या आत करणार नाही, अशी बंधनं आधी सुधारकांनी सह्या करून स्वतःवर घालून घ्यावीत, अशी उलट सूचना त्यांनी मांडली. कायद्यातलं वय होतं बारा! पटो न पटो, हे परंपरावादी राजकारणाचं चोख उदाहरण आहे. समोरच्याचा मुद्दा ऐकला, त्यातलं खरं काय ते ओळखलं आणि स्वतःचा पर्याय ठेवला.

दुसरा प्रकार क्रीडाभुवनातला. तिथं कायद्याच्या बाजूची सभा भरली होती, ती विरोधकांनी आरडाओरडा करून उधळून लावली. वक्त्यांना बोलूच दिलं नाही. आगरकरांच्या जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढण्यापर्यंत याच वृत्तीची मजल गेली होती. कायदा काय, मार्च १८९१ मध्ये मंजूर झालाच. सभा उधळून तो एक दिवसही लांबला नाही.

चार वर्षांनी, १८९५ च्या डिसेंबरात, काँग्रेसचं अधिवेशन पुण्यात होतं. तोवर रिवाज असा होता की काँग्रेस संपली की त्याच मंडपात सामाजिक परिषद भरायची. पुण्यातल्या विरोधकांनी हट्ट धरला की मंडप मिळणार नाही. धमक्या सुरू झाल्या. रानड्यांनी वाद वाढवला नाही, परिषद दुसरीकडे भरवली. मंडप गेला, परिषद झालीच.

आणि दोन वर्षांनी अमरावतीच्या सामाजिक परिषदेत रानड्यांनी या सगळ्याला जे उत्तर दिलं, ते परंपरेच्या बाजूच्या प्रत्येक माणसानं एकदा तरी वाचावं. त्यांचा प्रश्न साधा होता. जुनं पुन्हा आणायचं म्हणता, तर कोणतं जुनं? आठ प्रकारचे विवाह, बारा प्रकारचे पुत्र, नियोग, यज्ञातली पशुहत्या हे सगळं आपल्याच जुन्या ग्रंथांत आहे. ते परत आणायचं का? नसेल, तर आपण निवड करतोय. आणि निवड करायची तर कसोटी कोणती, ते सांगा. रानडे प्रार्थना समाजाचे, सुधारकांचे पुढारी. पण त्यांच्या सुधारणेची रीत परंपरेला धरून होती. समाजाची पाटी कधीच कोरी नसते, आधीच्यांनी लिहिलेलं पुढं न्यायचं असतं, असं मानणारे ते. १९०० मध्ये निघालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरच्या पुस्तकात त्यांनी संतांना मराठी राज्याच्या पायाभरणीचं श्रेय दिलं.

तो अमरावतीचा प्रश्न आज परंपरेवर बोलणाऱ्या वक्त्याला कुणी विचारला, तर त्याला खोडसाळ म्हणाल का? मला तर तो फार हिताचा वाटतो. आपल्याला नक्की काय जपायचं आहे हे ठरवायला भाग पाडणारा.

आता इतिहासाच्या व्याख्यानावर येतो, कारण आज सगळ्यात जास्त गर्दी त्यालाच असते. जून १८९७. पुण्यात प्लेग, घरझडत्या, रँडचा अंमल. अशा दिवसांत शिवराज्याभिषेकाचा उत्सव झाला. फर्ग्युसन कॉलेजातले प्राध्यापक चिंतामण गंगाधर भानू यांनी अफजलखानाच्या वधावर व्याख्यान दिलं. टिळक अध्यक्ष. ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारानं महाराजांवर दग्याचा ठपका ठेवला होता, त्याला हे उत्तर होतं. अध्यक्षीय भाषणात टिळकांनी जी रीत वापरली ती बघण्यासारखी आहे. ते म्हणाले नाहीत की हा प्रश्न विचारणारा देशद्रोही. उलट त्यांनी समोरच्याचं सगळ्यात कठीण गृहीतक घेतलं : समजा, महाराजांनी आधीच बेत करून खानाला मारलं. मग ते बरं की वाईट? आणि तिथून त्यांनी गीतेच्या आधारानं उत्तर दिलं. हा पूर्वपक्ष! शास्त्रार्थाची जुनी रीत नव्या व्यासपीठावर.

‘केसरी’च्या १५ जूनच्या अंकात या उत्सवाची हकिकत आली. २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. जुलैच्या अखेरीस टिळकांना अटक झाली, आणि राजद्रोहाच्या खटल्यात मुख्य पुरावा होता तो हाच १५ जूनचा अंक. नऊ ज्यूरींपैकी सहा युरोपीय म्हणाले दोषी, तिघे हिंदी म्हणाले निर्दोष. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या घटनेवर भाषण केलं, त्याची हकिकत छापली, म्हणून माणूस तुरुंगात गेला. व्याख्यान ही किती वजनदार गोष्ट असते ते सरकारला कळलं होतं. आपल्याला मात्र ती करमणूक वाटायला लागली आहे, आणि मनाला लागतं ते हे.

परंपरावादी इतिहासकार म्हणजे काय, याचा नमुना बघायचा तर राजवाडे. वि. का. राजवाड्यांइतका जाज्वल्य स्वाभिमानी माणूस मिळणं कठीण. इंग्रजीत लिहायचं नाही हा बाणा. गावोगाव पायपीट करून वाड्यांच्या माळ्यावरचे कागद गोळा केले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावानं खंडांमागून खंड काढले, १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं. मंडळाची सवय कोणती? सभा भरवायची, कुणीतरी कागद वाचायचा, बाकीच्यांनी त्यावर शंका काढायच्या. आणि हेच राजवाडे भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास लिहायला बसले, तेव्हा वेद आणि महाभारतातलेच दाखले काढून त्यांनी दाखवलं की आजची कुटुंबपद्धती अनादि काळापासूनची नाही, ती घडत गेली. सनातनी मंडळींना मिरच्या झोंबल्या. पण कागद जे सांगतो ते सांगायचं, आपल्या बाजूला गैरसोयीचं असलं तरी, हा त्यांचा पीळ शेवटपर्यंत सुटला नाही.

सावरकरांचंही तेच. १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध, राजकारणावर बोलायला बंदी. मग त्यांनी जातिभेदावर व्याख्यानं दिली, सनातन्यांशी वाद घातले. १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभं राहिलं, भागोजीशेठ कीरांच्या पैशातून. गाय हा उपयुक्त पशू आहे असं लिहून हिंदुत्वाच्या या पुरस्कर्त्यानं स्वतःच्याच बाजूच्या लोकांची झोप उडवली. म्हणजे ‘आपल्या विचाराचा वक्ता’ ही काही सरळसोट गोष्ट नाही. विष्णुबुवा, चिपळूणकर, टिळक, राजवाडे, सावरकर यांना एका खोलीत बसवलं असतं तर पहिल्या तासाभरात पाच बाजू झाल्या असत्या. परंपरेच्या बाजूचा मराठी विचार जिवंत राहिला तो या भांडणांमुळे.

आणि भांडण सोडून दिलं की काय होतं, तेही आपल्याच शहरानं पाहिलंय. ५ जानेवारी २००४. भांडारकर संस्थेत जमाव घुसला, कपाटं फोडली, पोथ्या फेकल्या. कारण एका परदेशी लेखकाचं शिवाजी महाराजांवरचं पुस्तक. त्या पुस्तकातला मजकूर संतापजनक होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्याला उत्तर देणारे कागद ज्या कपाटांत असतात, ती कपाटंच फोडायची हे कसलं उत्तर?

कुणी म्हणेल, सभा उधळणं आणि प्रश्नोत्तरं बंद करणं, दोन्हीचा संबंध काय? संबंध आहे. ज्याला सभेत प्रश्न विचारायची सवय असते त्याला सभेबाहेर दगड उचलायची गरज कमी वाटते. आणि ज्या वक्त्याला प्रश्न येणार हे माहीत असतं तो घरून तयारी करून येतो. शिवचरित्रावरच्या व्याख्यानात एखादा प्रसंग रंगवून सांगितला, टाळ्या पडल्या. मागून एखाद्या पोरानं उठून एवढंच विचारलं, ‘सर, हे सभासदाच्या बखरीत आहे की चिटणिसांच्या?’ तर? कृष्णाजी अनंत सभासद महाराजांच्या काळातला माणूस. त्यानं राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलं. मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची. मध्ये शंभराहून जास्त वर्षं. एका प्रश्नानं सगळ्या सभागृहाला समजतं की बखरी-बखरीत फरक असतो, आणि समकालीन पत्र मिळालं तर ते दोन्हींच्या वर. वक्त्याला उत्तर आलं तर त्याचा मान वाढतो. नाही आलं तर पुढच्या वेळी तो बघून येतो. यात महाराजांचा अपमान कुठं झाला?

ही अपेक्षा मी फक्त आपल्याच बाजूकडून करत नाही. पुरोगामी मंडळींच्या व्यासपीठांवरही हल्ली एकाच सुराची आरती असते, तिथंही वेगळा प्रश्न विचारणाऱ्याला आधी ‘तू कुणाचा’ हे विचारतात. त्यांनी नरहर कुरुंदकर आठवावेत. मनुस्मृतीचा कडवा टीकाकार, पण तिच्यावर बोलताना आधी तिच्या समर्थकांचं म्हणणं इतकं नीट मांडायचे की समर्थकांनीही टिपून घ्यावं. १९८२ मध्ये औरंगाबादला व्यासपीठावर असतानाच ते गेले. त्यांच्या घराची साफसफाई ते करोत, आपण आपल्या घराची करू.

आता माझं मागणं. आयोजक मित्रांनो, हे भांडण म्हणून घेऊ नका.

एक. प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास राखून ठेवा आणि पत्रिकेवर तसं छापा. माईकची भीती वाटत असेल तर चिठ्ठ्या घ्या. अध्यक्षांनी चिठ्ठ्या वाचाव्यात, पण सोयीच्या तेवढ्याच निवडू नयेत.

दोन. प्रश्न एका मिनिटात विचारायचा, भाषण करायचं नाही, हा नियम अध्यक्षांनी आधीच सांगावा आणि सगळ्यांना सारखा लावावा. गावातल्या मोठ्या माणसालाही.

तीन. तुकडे कापून फिरवतात म्हणता ना? मग प्रश्नोत्तरांसकट पूर्ण ध्वनिचित्रफीत तुम्हीच टाका. अख्खं समोर असलं की तुकड्याची किंमत उतरते.

चार. सात दिवसांच्या मालेत एक दिवस तरी असा वक्ता बोलवा ज्याचं म्हणणं आपल्याला पटत नाही. त्याला नीट वागवा, शाल-श्रीफळ द्या आणि मग त्याला कठीण प्रश्न विचारा.

पाच. इतिहासाच्या वक्त्याला आधीच सांगा की मुख्य प्रसंग कोणत्या साधनातून घेतला ते बोलता बोलता सांगावं. दोन वाक्यांचं काम आहे.

श्रोत्यांकडेही एक मागणं. आभारप्रदर्शन सुरू झालं की चपला शोधायला उठू नका. हात वर करा. प्रश्न साधा असला तरी चालतो. अध्यक्ष ‘वेळ संपला’ म्हणाले तर व्याख्यानानंतर वक्त्याला बाहेर गाठा आणि तिथं विचारा, पण विचारा. रानड्यांनी त्या सभेच्या नावात ‘वक्तृत्वोत्तेजक’ हा शब्द घातला तो व्यासपीठावरच्या एका माणसासाठी नव्हता, खाली बसलेल्या आपल्यासाठी होता.

ज्या विचाराला प्रश्नांची भीती वाटते त्याला पुढची पिढी मान देत नाही, फार तर टाळ्या देते. आणि टाळ्या सभागृहाबाहेर येत नाहीत.

तुमच्या गावातल्या व्याख्यानमालेत प्रश्नोत्तरं होतात का? होत असतील तर कशी घेतात, बंद झाली असतील तर का, ते खाली सविस्तर लिहा. वर्गणी देणारे आणि सतरंज्या उचलणारे, दोघांचंही ऐकायचं आहे.